अण्णांच्या किडनीतली गाठ: पहिला रिपोर्ट साधी म्हणतो, दुसरा कॅन्सर. क्रोमोफोब या किडनीच्या कॅन्सरचा ‘इओसिनोफिलिक’ प्रकार कुणाला माहीत आहे का?

मांजराकाठ (धागाकर्ता) · २६ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबेल, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आम्ही लातूर जिल्ह्यातले, रेणापूर तालुक्यातले. अण्णा (वडील) ६१ वर्षांचे. सोयाबीन आणि थोडा ऊस. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत त्यांच्या उजव्या कुशीत कळ आली. आमच्या भावकीत मुतखडा नवा नाही, त्यामुळं कुणी फार मनावर घेतलं नाही. लातूरला सोनोग्राफी केली. उजव्या किडनीत ६ मिमीचा खडा निघाला. मग डॉक्टरांनी डावी बाजू बघायला घेतली आणि तिथंच थांबले. डाव्या किडनीत गाठ. दुखणं उजवीकडं आणि गाठ डावीकडं गप बसलेली. लघवीत रक्त नाही, वजन घटलं नाही, ताप नाही, काहीच नाही.

सीटी केला. ५.८ सेंमीची भरीव गाठ, मधोमध ताऱ्यासारखा व्रण. रिपोर्टात ‘आरसीसी किंवा ऑन्कोसायटोमा’ असं दोन्ही लिहिलेलं (आरसीसी म्हणजे किडनीचा कॅन्सर, ऑन्कोसायटोमा म्हणजे साधी गाठ). गाठ किडनीच्या मध्यात, रक्तवाहिन्यांना खेटून होती, म्हणून अख्खी डावी किडनी काढावी लागली. ३ जुलैला ऑपरेशन झालं, १२ तारखेला रिपोर्ट आला: ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम, ऑन्कोसायटोमाकडे झुकणारा’. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, घरी जा. आम्ही गावात पेढे वाटले.

माझी आत्तेबहीण संभाजीनगरला नर्स आहे. ती भेटायला आली, फाईल चाळली आणि म्हणाली, “दादा, शेवटची ओळ वाचलास का? आयएचसीचा सल्ला दिलाय. केली का?” आयएचसी म्हणजे गाठीच्या तुकड्यांना खास रंग देऊन करायची तपासणी. आम्हाला ती ओळ कुणी सांगितली नव्हती आणि आम्हीही वाचली नव्हती. ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) घेऊन दुसऱ्या लॅबला पाठवले. परवा रिपोर्ट आला: ‘क्रोमोफोब रीनल सेल कार्सिनोमा, इओसिनोफिलिक व्हेरिअंट’.

घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. आई सारखी रडतीय. एकटे अण्णा शांत आहेत. काल मला म्हणाले, “किडनी गेली ती गेली, पण कोन्या रोगानं गेली त्ये तरी नीट सांगा की.” या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. एकच गाठ दोन ठिकाणी दोन नावांची कशी होते? आता केमो लागणार का? खरं कुणाचं मानायचं?

---

तेरणा · २७ जुलै, सकाळी ६:१५

दादा, धीर धरा. माझ्या मामांना किडनीचाच कॅन्सर होता, क्लिअर सेल प्रकार. सात वर्षं झाली, अजून बाजाराला जातात. तुमचा प्रकार वेगळा आहे, म्हणून त्यावर मी बोलणार नाही. पण घाबरून लगेच कुठली ट्रीटमेंट सुरू करू नका. नाव पक्कं होऊ द्या.

---

सोयाबीन_पट्टा · २७ जुलै, सकाळी ७:०२

आमच्या शेजारी एकजण काढा देतात, खड्यावर आणि गाठीवर दोन्हीवर चालतो म्हणतात. पाषाणभेद आणि आणखी काही पाले असतात. वाईट वाटून घेऊ नका, पण ऑपरेशन झालंच आहे तर आता नैसर्गिक उपाय का करू नये? शिवाय ऑपरेशनच्या आधी सुई टाकून तपासणी का नाही केली?

---

स्लाइडवाली · २७ जुलै, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी नोकरी मराठवाड्यातच गेली आणि असल्या गाठींनी माझ्या कित्येक संध्याकाळी खाल्ल्या आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी धीराचं. हे दोन रिपोर्ट एकमेकांपासून जितके लांब वाटतात तितके लांब नाहीत. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब या दोन्ही गाठी किडनीतल्या संग्राहक नलिकेच्या एकाच जातीच्या पेशींपासून होतात असं मानतात. सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. त्यातही क्रोमोफोबचा इओसिनोफिलिक प्रकार ऑन्कोसायटोमाच्या चेहऱ्याचा असतो. पहिल्या लॅबनं ‘झुकणारा’ हा शब्द वापरला आणि आयएचसी सुचवली, म्हणजे त्यांना शंका होती आणि त्यांनी ती लिहून ठेवली होती. ती तुमच्यापर्यंत पोचली नाही, हे मात्र फार वाईट झालं.

किडनीच्या कॅन्सरमध्ये साधारण ७० ते ७५ टक्के क्लिअर सेल, १० ते १५ टक्के पॅपिलरी आणि जेमतेम ५ टक्के क्रोमोफोब. त्या पाचातला हा आणखी कमी दिसणारा तुकडा. माणसांमधला क्रोमोफोब जर्मनीत थोनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली पहिल्यांदा वेगळा ओळखला, आणि १९८८ मध्ये त्याचा हा इओसिनोफिलिक प्रकार मांडला. त्याआधी असल्या गाठी इतर नावांखाली मोजल्या जात होत्या.

क्रोमोफोब म्हणजे रंगाला भिणारी. नेहमीचा रंग दिला तरी या पेशी फिक्या राहतात. शाळेत कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली बघितला असेल, तशा ठळक भिंती असतात, केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं आणि त्याभोवती रिकामं वलय. इओसिनोफिलिक प्रकारात मात्र पेशी मायटोकॉन्ड्रियानं भरलेली असते, त्यामुळं ती गुलाबी आणि दाणेदार दिसते. ऑन्कोसायटोमाची पेशीही अगदी अशीच गुलाबी, दाणेदार! फरक राहतो तो बारकाव्यांत. ऑन्कोसायटोमात केंद्रक गोल आणि गुळगुळीत असतं, पेशींचे पुंजके सैल जागेत विखुरलेले असतात. क्रोमोफोबमध्ये सुरकुती आणि वलय शोधावं लागतं. तुमच्या सीटीतला तो ताऱ्यासारखा व्रण पूर्वी ऑन्कोसायटोमाची खूण समजत, पण तो क्रोमोफोबमध्येही दिसतो. म्हणून रेडिओलॉजिस्टनं दोन्ही लिहिलं ते बरोबरच आहे.

आयएचसीचंही तसंच. तिच्यात पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघतात. सीडी११७ दोन्हीत पॉझिटिव्ह येतो, तो इथं उपयोगाचा नाही. फक्त क्लिअर सेलला बाजूला सारतो. सीके७ ऑन्कोसायटोमात एखाद-दुसऱ्या विखुरलेल्या पेशीत उमटतो, क्लासिक क्रोमोफोबमध्ये सगळीकडं भिंतीभिंतींवर. पण इओसिनोफिलिक प्रकारात तो कधी कधी ठिपक्याठिपक्यांनी येतो आणि आमचा पुन्हा गोंधळ होतो. मग हेलचा कोलॉइडल आयर्न हा जुना रंग लावतात. क्रोमोफोबची पेशी त्यात निळी होते. इतकं करूनही काही गाठी कुठल्याच खणात बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणात तर ‘इतर ऑन्कोसायटिक गाठी’ असा वेगळा खणच आहे.

सोयाबीन_पट्टा यांच्या सुईच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. सुईनं आलेल्या चिमूटभर तुकड्यावरून या दोन गाठी वेगळ्या करणं फार अवघड. एकाच गाठीत दोन्ही तऱ्हेच्या पेशी असलेले मिश्र प्रकारही असतात. सुईनं गाठ पसरते ही भीती मात्र काढून टाका, तसं फार क्वचित होतं. काढ्याबद्दल कळकळीनं सांगते: एका किडनीच्या माणसाला कशाचा आहे ते माहीत नसलेला काढा देऊ नका. त्या एका किडनीवरच आता सगळा भार आहे.

मांजराकाठ, मला तीन गोष्टी सांगा. पहिल्या रिपोर्टात गाठीतून किती ब्लॉक घेतले? गाठीचा रंग काय लिहिलाय? आणि ऑपरेशननंतर किडनी लॅबला कधी आणि कशात पोचली?

---

मांजराकाठ · २७ जुलै, रात्री ९:१०

ताई, तुमचं उत्तर अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मनुक्याची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली.

गाठीतून ३ ब्लॉक. रंग ‘तपकिरी, एकसंध’. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला माझाच राग येतोय. ऑपरेशन शुक्रवारी दुपारी झालं. किडनी एका प्लास्टिकच्या बरणीत घालून माझ्याच हातात दिली, लॅबला द्या म्हणून. अख्खी किडनी, न कापलेली, आणि पाणी (फॉर्मलिन, म्हणजे नमुना टिकवायचं औषध, असावं) जेमतेम निम्म्यापर्यंत. लॅब बंद झाली होती. शनिवार-रविवार बरणी नातेवाइकांच्या खोलीवर ठेवली, सोमवारी सकाळी दिली. कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

---

स्लाइडवाली · २७ जुलै, रात्री १०:०५

तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. ही नातेवाइकाच्या हातात द्यायची गोष्टच नव्हे. द्यायचीच वेळ आली तर सांगून द्यायला हवी.

आता ऐका. किडनीसारखा मोठा अवयव मधून उभा चिरून, त्याच्या दहापट तरी फॉर्मलिनमध्ये बुडवावा लागतो. नाहीतर औषध बाहेरच्या सालीपुरतंच मुरतं आणि आतली गाठ हळूहळू कुजायला लागते. कुजलेल्या पेशीचं केंद्रक आक्रसतं, भोवती खोटं वलय पडतं, आयएचसीचे रंग फिके उमटतात. म्हणजे ज्या खुणांवरून आम्ही या दोन गाठी ओळखतो, नेमक्या त्याच बिघडतात. म्हणून मी दुसऱ्या रिपोर्टवरही आज डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. दोन्ही लॅबनी तेच तीन ब्लॉक बघितलेत.

शिवाय गाठीच्या दर सेंटीमीटरमागे एक तरी तुकडा घ्यावा असा आमच्याकडं दंडक आहे. ५.८ सेंमीला तीन कमीच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, उद्या सकाळीच करा: तुकडे घेऊन झाल्यावर उरलेली किडनी लॅब लगेच टाकत नाही, रिपोर्टनंतर काही आठवडे बरणीत ठेवते. तुमच्या रिपोर्टला पंधरा दिवस झाले. बरणी अजून तिथं असू शकते. लॅबला जा, ‘उरलेल्या नमुन्यातून आणखी ब्लॉक हवेत’ असा लेखी अर्ज द्या. बाहेरच्या कडेचा भाग नीट मुरलेला असेल, तिथून घ्यायला सांगा. भांडू नका. बहुतेक पॅथॉलॉजिस्टना हे करायला आवडतंच, कारण अर्धवट राहिलेली केस त्यांनाही टोचत असते.

---

मांजराकाठ · २८ जुलै, दुपारी ३:२०

बरणी सापडली!!

सकाळी ९ ला लॅबच्या दारात उभा होतो. त्या आठवड्यात जुन्या बरण्या काढायच्या यादीत आमचा नंबर होता. डॉक्टर स्वतः बाहेर आले, अर्ज वाचला, म्हणाले, “आयएचसीची वाट बघत होतो मी, तुम्ही आलाच नाहीत.” ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला आत नेऊन गाठ दाखवली. गुळाच्या ढेपीसारखा रंग. माझ्यासमोर कडेकडेनं आणखी ८ तुकडे घेतले. दोन-तीन दिवसांत ब्लॉक देतो म्हणाले.

आता ११ ब्लॉक होतील. ते कुठं दाखवू?

---

गोदातीर · २८ जुलै, संध्याकाळी ६:४५

मी नांदेडचा. माझ्या पत्नीच्या वेळी मुंबईला टाटा मेमोरियलला, परळला, स्लाइड आणि ब्लॉक नेऊन दाखवले होते. माझ्या वेळी पेशंटला न्यावं लागलं नव्हतं. मूळ रिपोर्ट, सगळे ब्लॉक, रंग दिलेल्या स्लाइड, सीटीची सीडी आणि फिल्म, ऑपरेशनची नोंद, आधारकार्ड आणि सगळ्यांच्या झेरॉक्सचे दोन संच एवढं बरोबर ठेवा. ब्लॉक मेणाचे असतात. गाडीत उन्हाच्या बाजूला किंवा इंजिनजवळ ठेवू नका. मी टिफिनच्या डब्यात कापूस घालून नेले होते.

तुम्हाला लातूर-मुंबई एक्सप्रेस सोयीची, रात्री बसलात की सकाळी उतराल. राहायला दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथं आपल्या भागातली माणसं भेटतात. लोक सांगतात काय घ्यायचं, कुठल्या खिडकीला जायचं. त्या दिवसांत मला त्यांचा फार आधार झाला.

---

बालाघाट · २९ जुलै, सकाळी ८:३०

मी अंबाजोगाईहून. प्रश्न स्लाइडवाली ताईंना. हा आनुवंशिक असतो का? मांजराकाठ यांना भावंडं, मुलं असतील. त्यांनीही तपासण्या करायच्या का?

---

स्लाइडवाली · २९ जुलै, दुपारी २:१५

बहुतेक क्रोमोफोब एकट्यादुकट्या माणसाला होतात, घराण्यातून येत नाहीत. पण बर्ट-हॉग-डुबे नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे, १९७७ मध्ये वर्णन झालेला. त्यात एफएलसीएन जनुकात बिघाड असतो. चेहऱ्यावर, नाकाभोवती, मानेवर बारीक पांढुरक्या पुळ्या, फुप्फुसात हवेचे फुगे, कधी अचानक फुप्फुस बसणं, आणि किडनीत क्रोमोफोब किंवा मिश्र गाठी, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना आणि एकापेक्षा जास्त. अण्णांच्या उजव्या किडनीत सीटीला गाठ नाही आणि गाठ एकच आहे. तरी घरात कुणाला अशा पुळ्या आहेत का, कुणाचं फुप्फुस कधी अचानक बसलं होतं का, एवढं विचारून डॉक्टरांना सांगा. नसेल तर घरभर सीटी करत सुटू नका.

---

तेरणा · २९ जुलै, रात्री ९:००

आमचे नातेवाईक मामांच्या वेळी महिनोन्‌महिने विचारत होते, “केमो लावली नाही का? मग कसला कॅन्सर?” मामी त्या प्रश्नानं खचल्या होत्या. ताई, यावर एकदा स्पष्ट लिहाल का? इथं बरेचजण वाचतात.

---

स्लाइडवाली · २९ जुलै, रात्री ९:४०

लिहिते. किडनीच्या कॅन्सरवर नेहमीची केमो आणि शेक (रेडिएशन) फारसे लागू पडत नाहीत. गाठ किडनीपुरती असेल तर ऑपरेशन हाच उपचार. ऑपरेशननंतर काहींना इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध) देतात, ती क्लिअर सेल प्रकारातल्या, परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी असते. क्रोमोफोब क्लिअर सेलपेक्षा सहसा मवाळ वागतो, आणि क्लासिक-इओसिनोफिलिक यांच्या पुढच्या वाटचालीत मोठा फरक आढळत नाही. काळजीच्या गोष्टी वेगळ्या: गाठीत सार्कोमॅटॉइड बदल (पेशी लांबट आणि आक्रमक होणं) आहे का, मेलेला भाग आहे का, ती चरबीत किंवा शिरेत घुसली आहे का. रिपोर्टात त्या ओळी शोधा. आणि ग्रेड (पेशी किती बिघडल्यात त्याचा आकडा) लिहिलेला नसेल तर बिचकू नका, क्रोमोफोबला तो नेहमीचा ग्रेड लावतच नाहीत.

---

मांजराकाठ · २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

मंडळी, रिपोर्ट आला.

मुंबईला मी आणि आत्तेबहीण गेलो होतो. टिफिनचा डबा, कापूस, सगळं गोदातीर काकांनी सांगितल्याप्रमाणं. निदान: क्रोमोफोब रीनल सेल कार्सिनोमा. नव्या आठपैकी दोन ब्लॉकमध्ये फिक्या, ठळक भिंतींच्या क्लासिक पेशींचे पट्टे मिळाले, बाकी इओसिनोफिलिक. सीके७ त्या पट्ट्यांत सगळीकडं, इतरत्र ठिपक्यांनी. कोलॉइडल आयर्न निळा. सार्कोमॅटॉइड बदल नाही, मेलेला भाग नाही, कडा स्वच्छ, शिरेत शिरकाव नाही. पायरी पीटी१बी, म्हणजे ४ ते ७ सेंमी आणि किडनीपुरतीच.

म्हणजे दुसरी लॅब बरोबर होती. पण पहिल्या लॅबच्या डॉक्टरांनी ते आठ तुकडे घेतले नसते तर हे इतकं ठामपणे कळलं नसतं, म्हणून त्यांना रिपोर्टाची प्रत नेऊन दिली. त्यांनी स्लाइड पुन्हा लावून स्वतः ते पट्टे शोधले आणि मलाही दाखवले. खरंच कांद्याचा पापुद्रा.

केमो नाही, गोळ्या नाहीत. सहा महिन्यांनी सीटी आणि छातीचा फोटो, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) मधूनमधून. अण्णांना नाव सांगितलं. त्यांनी तीन-चारदा म्हणून बघितलं, “क्रोमोफोब. क्रोमोफोब.” मग आईला म्हणाले, “लिहून ठेव कुठंतरी. कुणी इचारलं तर सांगता यावं.” आईनं देवघरातल्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

---

यूरो_निवासी · २२ ऑगस्ट, पहाटे ५:५०

रात्रपाळीत अख्खा धागा वाचला. यूरॉलॉजी शिकतोय. सगळ्यांनी छान सांगितलंय, पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली: उजव्या किडनीतला तो ६ मिमीचा खडा!

आता ती एकच किडनी आहे. दोन किडन्या असताना खडा नळीत अडकला तर दुखतं, दुसरी किडनी काम सांभाळते. एकुलत्या किडनीची नळी अडकली तर लघवी पूर्ण बंद होऊ शकते, आणि ती तातडीची वेळ असते. आज दुखत नसलं तरी सीटी आणि सोनोग्राफी घेऊन यूरॉलॉजिस्टला दाखवा, खडा कधी आणि कसा काढायचा ते ठरवून घ्या. तोवर लघवी कमी झाली, ताप-थंडी आली किंवा कुशीत कळ आली तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

आणि अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद. आपल्याकडं शेतातून आल्यावर मेडिकलमधून सहज घेतल्या जातात, एका किडनीला त्या झेपत नाहीत. मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवा.

---

मांजराकाठ · २२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

डॉक्टर, तुमचे उपकार कसे मानू. गाठीच्या नादात खडा खरोखर विसरलो होतो. अण्णांच्या खिशात आत्ता बघितलं तर त्याच गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. काढून घेतली. सोमवारची अपॉइंटमेंट घेतोय.

---

उदगीरची_लेक · २ सप्टेंबर, रात्री ८:२०

धागा सापडला म्हणून धाडस करून विचारते. माझ्या आईची उजव्या किडनीतली गाठ गेल्या महिन्यात काढली, ४ सेंमीची. रिपोर्टात ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम’ आहे आणि खाली आयएचसीबद्दल एक ओळ आहे. आम्हाला साधी गाठ म्हणून सांगितलंय. मी काय करू?

---

मांजराकाठ · २ सप्टेंबर, रात्री ८:३१

ताई, रिपोर्टची तारीख कोणती आहे? लॅब उद्या उघडल्या उघडल्या फोन करा आणि बरणी ठेवलीय का एवढंच आधी विचारा. अर्जाचा मजकूर मी तुम्हाला आत्ता निरोपात पाठवतो.